सतरा नंबरचा फोटो

१६ डिसेंबर १९८४, रविवार
आजपासून रोजनिशी. लिहून ठेवलं की माणूस शिस्तीत राहतो. ही वही दफ्तरातली आहे, आवक-जावकची. आमच्या केंद्रावर आवकही होत नाही आणि जावकही होत नाही, तेव्हा कुणाची हरकत नसावी.

हुकूम आला आहे. हैदराबादला प्रदर्शन भरणार. 'भूऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरातील दैनंदिन जीवन' या विषयावर चोवीस फोटो पाठवायचे. फोटोग्राफर: खुशाल दुर्गे, रेकॉर्ड असिस्टंट. म्हणजे मी. एई साहेबांनी, म्हणजे आमच्या इंजिनियर साहेबांनी, स्वतः माझं नाव सुचवलं. केंद्रावर दुसऱ्या कुणाकडे कॅमेराच नाही, हा भाग वेगळा. मुदत फेब्रुवारीअखेर. भरपूर आहे.

दुसरं काम घरचं. तीन मार्चला कौशल्याला जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदन तिच्या माहेरी, तामसीला. सासूबाईंचं पत्र आलं आहे. कार्यक्रमाला लेकीचा फोटो पाहिजे, मोठा, फ्रेम केलेला. उलट टपाली लिहून टाकलं, फोटो आहे, काळजी नसावी.

आहेच. यंदाच्या २६ जानेवारीला, केंद्राच्या उद्घाटनाला, ती कागजनगरच्या घरून आली होती. हिरवं पातळ नेसून. दुपारी समारंभ आटोपल्यावर वाफेच्या पाइपापाशी उभी करून मी काढला. तिचा एकच फोटो, पण झकास. फक्त निगेटिव्ह शोधायची. भिंतीला आजच खिळा ठोकून ठेवला, तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या जरा खाली. खिळा सरळ बसला आहे.

१७ डिसेंबर
संकल्प. (१) रोज पहाटे पाचला उठणे. (२) रोज तीन फोटो, म्हणजे आठ दिवसांत चोवीस. (३) विडी बंद. (४) ट्रंक उघडून निगेटिव्ह शोधणे.

१८ डिसेंबर
साडेसातला उठलो. थंडीचा दोष. तोवर दैनंदिन जीवन शेतावर निघून गेलं होतं. उरले फक्त चंपत आणि वाफ. चंपत म्हणजे आमचा व्हॉल्व्ह ऑपरेटर. रोज सकाळी सातला तो बोअरचा व्हॉल्व्ह खोलतो. वाफ अशी किंचाळत सुटते की पलीकडच्या जंगलातली माकडंसुद्धा गप्प बसतात. पुढचा अर्धा तास गरम पाण्याच्या कुंडापासून गावापर्यंत सगळं पांढरं.

या वाफेवर बारा बल्ब लागतात. बाराही बल्ब केंद्राचेच. गावात अजून कंदील आहे. साहेब म्हणतात, हे प्रायोगिक आहे. गाववाल्यांनाही तसंच सांगावं लागतं.

फोटो शून्य. विड्या दोन. (शेवटच्या.)

२० डिसेंबर
गावात वेगळीच अडचण. फोटोला कुणी उभं राहीना. कुंडगुड्यातला प्रत्येक माणूस एकच विचारतो, बाबू, मागचा फोटू कुठं हाय? आधी तो द्या, मंग दुसरा काढा.

इथे एक व्यावसायिक बाब नोंदवतो, वही माझीच आहे म्हणून. उद्घाटनाच्या दिवशी अख्खं गाव माझ्यामागे लागलं होतं, आमचा काढा, आमचा काढा. छत्तीस फोटोंचं रील, त्यातले छत्तीसही साहेबलोकांच्या कामी आले. मग मी रिकाम्या कॅमेऱ्याने काढले. बटण दाबलं, आवाज आला, लोक खूश. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला एक गुंडी असते. आत रील असेल तर लिव्हर ओढताना ती फिरते, नसेल तर जागची हलत नाही. पण गुंडीकडे बघतंय कोण? ही गंमत मी त्याच्या कितीतरी आधी घरी कौशल्यालाही दाखवली होती, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

तूर्त सगळ्यांना सांगितलं, फोटो हैदराबादला धुवायला गेलेत. मोठे फोटो धुवायला वेळ लागतो.

२१ डिसेंबर
सखूबाई क्वार्टरवर आल्या. बाई कुंडाच्या उकळत्या पाण्यात शेंगा आणि अंडी उकडून विकतात. फडक्यात बांधायच्या, दोरीने सोडायच्या आणि बोलत बसायचं. जळण लागत नाही. त्यांचा म्हातारा, फकिरा, श्रावणात गेला. उद्घाटनाच्या दिवशी दोघांनी मिळून फोटो काढून घेतला होता. म्हणाल्या, "बाबू, म्या पूर्ण कागद नाई मांगत. त्याच्यापुरता कापून द्या."

वाईट वाटलं. पण तिथे रील नव्हतं, मला पक्कं आठवतं. साहेबांच्या ग्रुप फोटोला छत्तीस नंबर पडला आणि रील संपलं. सखूबाईंचा त्यानंतरचा. बाईंना हे कसं सांगायचं? येईल म्हटलं, थोडं थांबा. त्यांनी चार अंडी ठेवली. नको म्हणालो होतो. चांगली होती.

२६ डिसेंबर
ट्रंक उघडली. कौशल्याच्या तेलाचा वास आला. भूतबीत मी मानत नाही. आपण बौद्ध, विज्ञानवादी. वास हा पदार्थाच्या सूक्ष्म कणांचा असतो आणि ट्रंकेत तिचा कंगवा होता. कंगवा परत ठेवला, ट्रंक बंद केली. निगेटिव्ह उद्या.

२८ डिसेंबर
निगेटिव्ह सापडल्या. २६ जानेवारीचं रील पूर्ण. खिडकीच्या उजेडात धरून एकेक पाहिली. एक ते पस्तीस: भाषणं, नारळ, फीत, साहेब, साहेबांच्या सौ., पुन्हा साहेब. छत्तीस: ग्रुप फोटो.

कौशल्या नाही.

याचा अर्थ सरळ आहे. त्या दिवशी दुसरं रील असणार. ते कागजनगरला भिवाजीच्या स्टुडिओत राहिलं. भिवाजी माणूस चांगला, पण विसराळू.

३० डिसेंबर, रविवार
कागजनगर. भिवाजीने रजिस्टर काढून दाखवलं. जानेवारीत माझ्या नावावर एकच रील. मी म्हटलं, नीट बघ. त्याने नीट बघितलं. मग चहा मागवला आणि विचारलं, लग्नातला एखादा नाही का वहिनींचा? मी सांगितलं, लग्नात कॅमेरा माझ्याच हातात होता. पाहुण्यांचे फोटो अजून लोक नावाजतात. मेहुण्याने, उत्तमरावांनी, आमचा जोडीचा एक काढला होता, त्यात नुसता मांडव आला. आणि पुढे अकरा वर्षं? भिवाजीने विचारलं. काय विचारतो हा माणूस! घरचंच माणूस, कधीही काढता येतं.

रजिस्टरवर आता माझा विश्वास नाही. नवीन रीलं दोन घेतली.

१ जानेवारी १९८५
नवीन वर्ष. संकल्प वरचेच. विडीचा वगळला. थंडी संपल्यावर बघू.

५ जानेवारी
काम सुरू. आज सात फोटो. बायका कुंडाच्या पाटात गोधडी धुताना (पाठमोऱ्या, तोंड दाखवायला तयार नाहीत). म्हशी. गुडघ्याला गरम चिखल लावून बसलेले तीन म्हातारे. चंपत व्हॉल्व्हपाशी. चंपतला नैसर्गिक राहा म्हटलं तर तो सावधानमध्ये उभा राहिला.

व्हॉल्व्ह सुटल्यावर वाफेत उभा होतो. मागे कुणी तरी खाकरलं. कौशल्याला सवय होती, काही मागायच्या आधी खाकरायची. वळून बघितलं तर कुणी नव्हतं. पाइपाच्या जोडातून पाणी ठिबकत होतं, त्याचा आवाज असणार. चंपतला जोड आवळायला सांगितला. साहेब, तो तं कालच आवळला, म्हणाला.

१४ जानेवारी
संक्रांत. सखूबाई उकडलेल्या शेंगा घेऊन आल्या. फोटूचं काय झालं? मी म्हणालो, हैदराबादला गर्दी आहे. त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, त्याचा चेहरा इसरून राह्यली मी, बाबू. नाक ध्यानात हाय, पर डोये सापडत नाईत.

त्या गेल्यावर मी सहज आठवून बघितलं. कौशल्याचे डोळे. नाक. कपाळावर जखमेची खूण होती, उजवीकडे की डावीकडे? फोटो आला की बघता येईल.

२१ जानेवारी
चहा दोन कप केला गेला. सवयीने. दोन्ही मीच प्यायलो, वाया कशाला घालवायचा?

२६ जानेवारी
उद्घाटनाला वर्ष झालं. झेंडावंदन, बुंदीचे लाडू. साहेबांनी भाषणात सांगितलं, येत्या वर्षी गावात एक बल्ब नक्की.

दुपारी मी शास्त्रीय पद्धतीने प्रसंग पुन्हा उभा केला. पाइपापाशी ती जिथे होती तिथे दगड ठेवला. मी जिथे होतो तिथे उभा राहिलो. आठ पावलं. ऊन डावीकडून. तिने पदर सारखा केला होता. म्हणाली होती, "नीट काढजा. मायले देतो मी." मी हाताने खूण केली, थांब. फोकस केला. बराच वेळ केला. मग बटण दाबलं. इतकं स्पष्ट आठवतं. न काढलेला फोटो कुणाला इतका आठवेल?

चंपतला विचारलं, तुला आठवतं ना? म्हणाला, हो तं, वहिनी लय येळ उभ्या होत्या, हालल्या बी नाई. साक्षीदारही मिळाला. मग तो म्हणाला, त्याच्याच आंधी तुमी माया बी काढला होता, मंग सखूबाई-फकिराचा, मंग वहिनींचा. मले बी नाई भेटला अजून. मी म्हटलं, कामाकडे लक्ष दे.

४ फेब्रुवारी
प्रिंट आले. भिवाजीने बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवले. एकूण एकाहत्तर. सगळ्यात वाफ. काहींत वाफेमागे माणसं असावीत. एका फोटोत म्हैस उत्तम.

आणि सतरा नंबर.

सकाळी सातचा आहे. पाइप, पाइपाच्या उजवीकडे वाफेचा लोट. त्या लोटात ती उभी आहे. डोकं, खांदा, पदर सारखा करणारा हात. मी फोटो उलटा केला, सुलटा केला, लांब धरला. आहे. खाटेवर बसलो आणि मोठ्याने रडलो. इतक्या दिवसांत एकदाही रडू आलं नव्हतं. चंपत धावत आला. त्याला सांगितलं, डोळ्यात वाफ गेली.

विज्ञान म्हणजे सगळं कळलं असं नव्हे. एवढंच लिहितो.

१० फेब्रुवारी, रविवार
कागजनगर. भिवाजीला म्हटलं, हा बारा बाय पंधरा करायचा, पातळ हिरवं रंगवायचं. त्याने भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाला, खुशालभाऊ, रंग नेमका कुठं भरू? मी बोटाने दाखवलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कलाकार नाही तो, फक्त धुतो. शेवटी हलका हिरवा हात फिरवून देतो म्हणाला. फ्रेम सोनेरी सांगितली.

१८ फेब्रुवारी
साहेबांनी चोवीस फोटो पाहिले. "खुशाल, इसमें आदमी किधर है? सब स्टीम, स्टीम!" मी म्हणालो, सर, हेच दैनंदिन जीवन आहे. त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी कपाळाला हात लावून सही केली. पाकीट हैदराबादला रवाना. एक काम फत्ते, तेही मुदतीच्या आत.

२५ फेब्रुवारी
फ्रेम आली. खिळ्याला लावून बघितली. खिळा मजबूत आहे. चहा पिताना समोर होती.

सखूबाई अंडी द्यायला आल्या आणि फ्रेमपुढे थबकल्या. हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, "आला का फोटू? अरे माया देवा. हा तं म्हातारा होय."

मी सांगितलं, नाही, या आमच्या मिसेस आहेत. त्या म्हणाल्या, कसं बोलता बाबू, हे पाहा मुंडासं, ही काठी. जिथे कौशल्याचा हात होता तिथे त्यांनी काठी दाखवली. मी हिरवा रंग दाखवला. त्या म्हणाल्या, त्याच्या अंगावर हिरवंच कांबळं होतं. डोये भेटले, म्हणाल्या, आणि काचेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. फोटो न्यायलाच निघाल्या होत्या. फार कष्टाने समजूत घातली. अडाणी माणसाला वाफेत काहीही दिसतं.

एवढं लिहून झाल्यावर फ्रेमकडे पाहिलं. मुंडासं म्हटलं तर मुंडासं वाटतं खरं. उजेडाचा दोष. काच पुसली.

२ मार्च
प्रवास. पहाटे सहा किलोमीटर पायी, मग बेज्जूरहून बस, मग दुसरी, मग आदिलाबाद, तिथून तामसीची शेवटची गाडी. फ्रेम पूर्ण वेळ मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, देव कोनता आहे हा? फ्रेम खिडकीकडे वळवली. आसिफाबादच्या पुढे ऊन काचेवर पडलं तर त्यात माझंच तोंड दिसू लागलं. मग वर्तमानपत्र गुंडाळलं.

३ मार्च, रविवार. तामसी
सकाळी माणसं जमली. समोर मेज, पांढरी चादर, मेणबत्त्या, उदबत्ती, हार. फोटोची जागा मोकळी. उत्तमराव मास्तर आहेत, त्यांनी सगळं पट्टीने आखल्यासारखं मांडलं होतं. मी वर्तमानपत्र काढलं आणि फ्रेम उभी केली.

मागे कुणीतरी खोकलं. उत्तमराव म्हणाले, भाऊजी, हे उलटं तं नाई ना ठेवलं?

मी समजावून सांगितलं. हे डोकं, हा खांदा, हा हात. बोटाने दाखवत गेलो. दाखवताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी बोट वेगळ्या जागी जातं आहे. तरी सांगत राहिलो. सासूबाई, राहीबाई, पुढे आल्या. त्यांना कमी दिसतं. फ्रेमच्या अगदी जवळ नाक नेलं आणि म्हणाल्या, "हे तं धूर होय, जावईबापू."

वाफ आहे, मी म्हणालो.

त्यांनी फ्रेम उचलून बाजूला ठेवली, रागाने नाही. आत गेल्या आणि कौशल्याचं हिरवं पातळ आणलं. घडी करून मेजावर ठेवलं. हार त्यावर घातला. वंदना झाली.

जेवणं झाल्यावर ओसरीवर त्या माझ्याशेजारी बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, काऊन एवढे हिंडून राह्यले तुमी त्या फोटूपायी? तो नव्हताच. कौशीनं तवाच सांगतलं मले.

मी विचारलं, काय सांगितलं?

त्या म्हणाल्या, ती सांगे, माय, त्यायनं माया फोटू काढला, पर कॅमेऱ्यात रील नव्हतं. ते डावीकडची गुंडी फिरलीच नाई. मले मालूम हाय ना, त्यायनंच दाखोली होती. म्या म्हटलं, मंग बोलली काऊन नाई? तं हासली. म्हणे, बोलली असती तं त्यायनं कॅमेरा खाली केला असता. अकरा वर्षांत एवढा येळ मायाकडं कवा पाह्यलं त्यायनं?

त्यांनी मला सुपारी दिली.

४ मार्च. बसमध्ये
गुंडी फिरली नव्हती. मी पाहिलं होतं. बटण दाबल्यावर लिव्हर ओढली आणि नजर तिकडेच गेली होती, सवयीने. मनात म्हटलं, पुढच्या खेपेला खरा काढू. पुढच्या महिन्यात ताप आला तिला. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खिळा ठोकतानाही ठाऊक होतं.

७ मार्च
हैदराबादहून पाकीट परत आलं. चोवीसच्या चोवीस फोटो. सोबत एक ओळ: विषय स्पष्ट होत नाही. केंद्रावर वर्षातली पहिली आवक. याच वहीत नोंदवायला हवी होती, पण वही भरत आली आहे.

सखूबाईंकडे गेलो. खरं ते सांगितलं. त्या दिवशी रील नव्हतं, तुमचा फोटो निघालेलाच नाही, मला तेव्हाच माहीत होतं. त्या कुंडात सोडलेली दोरी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, असं कोनी करते का, बाबू? मी म्हटलं, मी केलं. घरच्या माणसालाही केलं. त्यांनी दोरी ओढली, फडकं सोडलं, अंडी मोजल्याशिवायच टोपलीत टाकली. मला दिली नाहीत.

उठताना त्यांनी विचारलं, तो भितीवरचा फोटू तुमी आता काय करता? तो वाफेचा आहे, मी म्हणालो. असू द्या, म्हणाल्या.

संध्याकाळच्या आत नेऊन दिला. चुलीच्या वर लावला त्यांनी, हार घातला. बाहेर चंपत भेटला. माया फोटू? म्हणाला. त्यालाही सांगितलं.

क्वार्टरवर आलो तर भिंतीवर नुसता खिळा. बरा दिसेना. कॅमेरा पट्ट्याने त्याला अडकवला.

आत रील नाही. लिव्हर ओढून बघितली, गुंडी जागची हलली नाही.